लॅपटॉप, बाहेरचा मॉनिटर आणि मधला दुभाषा

आपल्या रोजच्या वापरांतील यंत्रें जोंपर्यंत सुरळीत चालतात, तोंपर्यंत त्यांच्या पोटांत काय चाललें आहे याची चौकशी करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं. तीं अडलीं म्हणजे मात्र आपण दोहोंपैकीं एक टोक गांठतों. एक तर हातपाय गाळून यंत्र दुकानांत नेऊन टाकतों, किंवा धीर सुटून दिसेल ती कळ दाबीत सुटतों.

यांपैकीं दुसऱ्या प्रकारचें पाप प्रस्तुत लेखकाच्या हातून एकदां घडलें आहे. वार्षिक परीक्षेचे गुण शिक्षकांच्या सभेंत मोठ्या मॉनिटरवर दाखवून तपासावयाचे होते, आणि आदल्या सायंकाळीं लॅपटॉपचें चित्र कांहीं केल्या त्या मॉनिटरवर उतरेना. 'ड्रायव्हर बिघडला असला पाहिजे' असें मीं मनाशीं ठरविलें. प्रथम ड्रायव्हर काढला, मग दुसरा घातला, मग तोहि काढला, आणि शेवटीं रात्रीं दहाच्या सुमारास सबंध यंत्र पुसून कार्यप्रणाली नव्यानें भरली. त्या पुसण्यांत एका तुकडीचे गुण गेले, ते उत्तरपत्रिकांवरून पुन्हां उतरून काढावे लागले. चित्र तरीहि आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शिपाई टेबल पुसावयास आला. त्यानें मॉनिटरच्या पाठीमागची केबल सहज दाबून बसविली, आणि पडदा उजळला! केबल जेमतेम अर्धा बोटभर बाहेर सरकली होती.

विद्यार्थिमित्रहो, आज तुमच्यापैकीं अनेकांच्या घरीं लॅपटॉप आहे, आणि त्याच्या लहान पडद्यावर डोळे ताणण्यापेक्षां त्यास एखादा मोठा मॉनिटर किंवा घरांतील टी.व्ही. जोडावा असें वाटणें स्वाभाविक आहे. या जोडणींत होणारे बिघाड दिसावयास पुष्कळ असले, तरी ते होण्याचीं ठिकाणें थोडीं आहेत. बिघाड कोणत्या ठिकाणीं आहे हें ठरविल्यावांचून कशासहि हात लावूं नये, एवढें एकच पथ्य पाळलें असतें, तर माझी ती रात्र व त्या तुकडीचे गुण वांचले असते. ठिकाण ठरवावें कसें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

मॉनिटरवर चित्र उमटणें ही एकच क्रिया नव्हे. ती एक साखळी आहे. काय दाखवावयाचें हें कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स, ठरविते. प्रत्यक्ष चित्र तयार करण्याचें काम ग्राफिक्स चिप करते. तयार झालेलें चित्र लॅपटॉपच्या कडेवरील पोर्टमधून केबलमध्यें शिरतें, आणि केबलमधून मॉनिटरमध्यें जाऊन पडद्यावर पसरतें. आतां यांत ड्रायव्हर कोठें बसतो? ड्रायव्हर हें नांव ऐकून गाडी हांकणारा इसम डोळ्यांपुढें येतो. परंतु येथें त्याचें काम दुभाष्याचें आहे. कार्यप्रणाली 'येथें एक खिडकी काढ, तेथें अक्षरें लिही' अशा सर्वसामान्य भाषेंत हुकूम सोडते. आणि ग्राफिक्स चिपा तर निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या पिढ्यांच्या, प्रत्येकीची भाषा वेगळी. या दोघांमध्यें बसून हुकुमाचा अर्थ त्या विशिष्ट चिपेस समजेल अशा बोलींत सांगणारा जो प्रोग्राम, तोच ड्रायव्हर होय. हा दुभाषा हजर नसेल तर विंडोज आपल्याजवळचा एक कामचलाऊ दुभाषा पुढें करते. त्याचें नांव 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर'. त्यास मोजकेच शब्द येतात. त्याच्या भरंवशावर एक पडदा कसाबसा चालतो, पण चित्र जाडेंभरडें दिसतें, चलच्चित्र अडखळतें, आणि दुसरा मॉनिटर जोडला असतां त्याची दखलहि बहुधा घेतली जात नाहीं.

साखळीच्या दुसऱ्या टोकास एक मौजेची गोष्ट घडत असते, ती फार थोड्यांस ठाऊक असते. केबल जोडतांच चित्र वाहूं लागतें अशी आपली समजूत आहे. परंतु त्यापूर्वीं लॅपटॉप व मॉनिटर यांची रीतसर ओळख व्हावी लागते. एच.डी.एम.आय. केबलच्या टोकास १९ पिना असतात. त्यांपैकीं १८ व्या पिनेवाटे लॅपटॉप ५ व्होल्टांचा दाब मॉनिटरकडे पाठवितो. मॉनिटर १९ व्या पिनेवाटे 'मी हजर आहें' अशी खूण परत देतो. मग १५ व १६ या दोन पिनांवाटे लॅपटॉप मॉनिटरच्या पोटांतील एक छोटी नोंद वाचून घेतो. ही नोंद १२८ बाइटांची असते, आणि तिचा सांचा १९९४ सालीं व्हेसा या संस्थेनें घालून दिला. हा मॉनिटर कोणत्या कंपनीचा, कोणत्या सालीं बनलेला, त्याचा पडदा किती सेंटिमीटर लांबरुंद, त्यावर किती बारीक चित्र दाखवितां येतें, ही सर्व माहिती तींत असते. नोंद वाटेंत बिघडली नाहीं ना, हें पाहण्याची युक्ति तर गणिताच्या विद्यार्थ्यांस आवडेल अशी आहे. शेवटचा, म्हणजे १२८ वा, आंकडा असा निवडलेला असतो कीं, सर्व १२८ आंकड्यांच्या बेरजेस २५६ नें नि:शेष भाग जावा. भाग गेला नाहीं, तर वाचतांना कोठें तरी चूक झाली हें लॅपटॉपास तत्काळ कळतें.

ही हकीकत इतक्या विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं, पुष्कळ बिघाड चित्राच्या तारांत नसून या ओळखींत असतात. चित्र नेणाऱ्या तारा शाबूत आहेत, पण ओळखीची एखादी तार तुटली आहे, असें झालें तर लॅपटॉपास मॉनिटरची इयत्ता समजत नाहीं. तो अंदाजानें १०२४ × ७६८ असें जुन्या मापाचें चित्र पाठवितो, आणि उत्तम मॉनिटरवर अक्षरें फुगलेलीं व धूसर दिसूं लागतात. मालक बिचारा नवे ड्रायव्हर उतरवीत बसतो. खरा उपाय दुसरी केबल हा असतो. कधीं कधीं मॉनिटरच स्वतःची ओळख देण्यास विसरतो. अशा वेळीं तो नुसता कळ दाबून बंद न करितां, त्याची वायर भिंतींतील सॉकेटमधून काढून एक-दोन मिनिटें तशीच ठेवावी. हा उपाय अडाणी वाटतो खरा. परंतु मीं तो अनेकदां यशस्वी झालेला पाहिला आहे.

आतां प्रत्यक्ष शोधास लागूं. पहिला प्रश्न मॉनिटरलाच विचारावा. त्याच्यावर 'नो सिग्नल' अशीं अक्षरें उमटत असतील तर आनंद मानावा, कारण मॉनिटर जिवंत आहे आणि तो पलीकडून कांहीं येण्याची वाट पाहत आहे, असा त्याचा अर्थ. 'आउट ऑफ रेंज' किंवा 'इनपुट नॉट सपोर्टेड' अशीं अक्षरें दिसलीं तर त्याहूनहि बरें. चित्र येऊन पोंचतें आहे, फक्त तें त्या मॉनिटरच्या शक्तीबाहेरच्या मापाचें आहे. कांहींच दिसत नसेल, दिवाहि लागत नसेल, तर लॅपटॉपच्या वाटेस जाण्याचें कारणच नाहीं. दुसरें असें कीं, एका मॉनिटरास पाठीमागून दोन-तीन पोर्ट असतात, आणि त्यांपैकीं कोणत्या पोर्टाकडे लक्ष द्यावयाचें हें मॉनिटरवरील 'सोर्स' किंवा 'इनपुट' नांवाच्या बटनानें ठरतें. केबल एका पोर्टांत आणि मॉनिटरचे कान दुसऱ्याकडे, असा प्रकार नेहमीं होतो.

त्यानंतर विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून पी ही कळ दाबावी. चार पर्याय समोर येतात: केवळ लॅपटॉपचा पडदा, दोहोंवर एकच चित्र, दोन पडद्यांचा मिळून एक लांब पडदा, आणि केवळ बाहेरचा पडदा. यांतील पहिला पर्याय चुकून निवडलेला असेल तर बाहेरचा मॉनिटर निर्दोष असूनहि अंधारांत राहतो. चौथा पर्याय निवडला गेला तर लॅपटॉपचा स्वतःचा पडदा काळा होतो, आणि घरांत रडारड सुरू होते. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं अशा 'मेलेल्या' लॅपटॉपसाठीं दुकानांत दोन खेपा घातल्या होत्या.

येथवर जमलें नाहीं, तर एका वेळीं एकच वस्तु बदलून पाहावी. केबल तीच ठेवून मॉनिटर दुसरा घ्यावा. मग मॉनिटर तोच ठेवून केबल दुसरी घ्यावी. मग दोन्ही तींच ठेवून लॅपटॉप दुसरा आणावा. प्रत्येक वेळीं काय झालें तें कागदावर लिहावें. दोन वस्तु एकदम बदलल्या आणि चित्र आलें, तर दोष कोणत्या वस्तूंत होता हें सांगतां येत नाहीं. प्रयोगशाळेंत तुम्हांस हेंच शिकवितात.

केबलींविषयीं दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण तेथें फसगत फार होते. कित्येक शाळांतून अद्याप जुने प्रोजेक्टर आहेत, त्यांना १९८७ सालीं आय.बी.एम. कंपनीनें आणलेल्या व्ही.जी.ए. पद्धतीची, बहुधा निळ्या टोकाची, १५ पिनांची केबल लागते. (तींत एक, म्हणजे ९ वी, पिन पुष्कळदां मुळांतच नसते, ती तुटली असें समजूं नये.) या केबलमध्यें तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांच्या तारा वेगवेगळ्या असतात. तेव्हां पांढरें पान पिवळें दिसूं लागलें, तर निळ्याची वाट बंद झाली आहे. निळसर हिरवें दिसलें तर तांबड्याची. आणि जांभळट गुलाबी दिसलें तर हिरव्याची. प्रकाशाच्या धड्यांत रंगांच्या मिश्रणाची जी आकृति तुम्ही पाठ करितां, तिचा असा रोकडा उपयोग आहे. व्ही.जी.ए.मधून चित्र ॲनालॉग रूपानें जातें व एच.डी.एम.आय.मधून अंकरूपानें, म्हणून या दोहोंना जोडणारा ॲडाप्टर नुसता तारा जुळविणारा असून चालत नाहीं, त्यांत रूपांतर करणारी चिप असावी लागते, आणि तो एकाच दिशेनें काम करतो. लॅपटॉपच्या एच.डी.एम.आय.मधून जुन्या प्रोजेक्टरकडे नेणारा ॲडाप्टर उलटा लावून उपयोग नाहीं.

२०१४ सालीं आलेल्या यू.एस.बी.-सी या लहान लंबगोल पोर्टाची कथा निराळी. तो दिसावयास सर्वत्र सारखाच, पण त्यांतून चित्र बाहेर पडेलच असें नाहीं. कांहीं लॅपटॉपांत तो केवळ विद्युत् घेण्यासाठीं व फायली ने-आण करण्यासाठीं असतो. पोर्टाशेजारीं डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण आहे काय तें पाहावें. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेंत तर हें लिहिलेलें असतेंच. पोर्टांत ती शक्ति असूनहि मोबाइल चार्ज करण्याची साधी केबल लावली, तर चित्र येणार नाहीं. तसल्या केबलींत चित्र नेणाऱ्या वेगवान तारा बहुधा घातलेल्याच नसतात.

आणि केबलच्या शक्तीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. नेहमींच्या मॉनिटरवर आडवे १९२० व उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० चित्रबिंदु असतात. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात, आणि सेकंदास ६० वेळां सबंध चित्र नव्यानें पाठवावें लागतें. गुणाकार केला म्हणजे सेकंदास सुमारें २९९ कोटि बिट होतात. आज दुकानांतून मिळणाऱ्या 'फोर-के' मॉनिटरावर ३८४० × २१६० बिंदु, म्हणजे चौपट. तेव्हां भारहि चौपट, सुमारें ११९४ कोटि. आतां २००९ सालच्या एच.डी.एम.आय. १.४ या मापाच्या पोर्टांतून सेकंदास जास्तींत जास्त १०२० कोटि बिट जातात, आणि त्यांतहि दर दहा बिटांपैकीं आठच चित्राच्या कामीं येतात. म्हणजे उरले ८१६ कोटि. त्यांत ११९४ कोटि मावणार कसे? म्हणून असा लॅपटॉप सेकंदास ६० ऐवजीं ३० चित्रें पाठवितो, आणि पडद्यावरील बाण उंदीर हलविला असतां ठेंचा लागल्यासारखा सरकतो. २०१३ सालच्या २.० या मापांत ही मर्यादा १८०० कोटींवर गेली व अडचण दूर झाली. मालक मात्र जुन्या पोर्टाच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर बदलीत बसला, तर त्यास वर्षभर बसावें लागेल.

आतां ज्या प्रकरणामुळें हा लेख लिहावासा वाटला, तें सांगतों. गेल्या लग्नसराईच्या तोंडावर नववींतील एक विद्यार्थी आपल्या आईस घेऊन शाळा सुटल्यावर मजकडे आला. त्याच्या आई घरीं लग्नपत्रिका व बिलबुकें जुळविण्याचें डी.टी.पी.चें काम करतात. काम मोठ्या मॉनिटरवर चालतें. लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर पत्रिकेची नक्षी व बारीक अक्षरें जुळवितां येत नाहींत.

"सर, चार दिवस झाले, मोठा मॉनिटर बंद आहे," त्या म्हणाल्या. "दुकानदार म्हणतो, लॅपटॉपचा एच.डी.एम.आय. पोर्ट जळला, मदरबोर्डच बदलावा लागेल. खर्च लॅपटॉपच्या निम्म्या किंमतीएवढा सांगतो. पत्रिकांचे ॲडव्हान्स तर घेऊन बसलें आहें. मदरबोर्ड घालूं, कीं हा विकून दुसरा घेऊं?"

"ताई, दोन्ही उद्यां करतां येईल," मीं म्हटलें. "आज आपण पाहूं तरी." आणि त्यांच्या चिरंजीवाच्या हातांत कागद-पेन्सिल दिली.

लॅपटॉपचा स्वतःचा पडदा स्वच्छ चालत होता. मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणत होता. तीच केबल व तोच मॉनिटर शाळेच्या लॅपटॉपला जोडला, चित्र आलें. म्हणजे केबल आणि मॉनिटर दोन्ही निर्दोष. दोष त्यांच्या लॅपटॉपमध्येंच, हें सिद्ध झालें. येथवर दुकानदारहि येऊन पोंचला होता, आणि येथवर त्याचें बरोबरच होतें.

मग आम्हीं शाळेंतील यू.एस.बी.-सीचा ॲडाप्टर घेतला व त्यांच्याच लॅपटॉपच्या यू.एस.बी.-सी पोर्टांतून तोच मॉनिटर जोडला. चित्र आलें! त्या माउलीचा चेहरा उजळला. पण मुलगा विचारी. तो म्हणाला, "सर, म्हणजे ग्राफिक्स नीट आहे आणि एच.डी.एम.आय. पोर्टच जळला आहे. दुकानदाराचेंच खरें झालें."

त्याचा तर्क सरळ होता. एकच ग्राफिक्स चिप व तिला फुटलेले दोन पोर्ट असें असतें, तर तो निर्विवाद ठरला असता. पण पुष्कळ लॅपटॉपांत ग्राफिक्स चिपा दोन असतात. एक प्रोसेसरच्याच पोटांत बसविलेली, थोडक्या विजेवर चालणारी. आणि दुसरी स्वतंत्र, अधिक ताकदीची, खेळांसाठीं व चित्रांच्या भारी कामांसाठीं. २०१० सालीं एनव्हिडिया कंपनीनें ऑप्टिमस नांवाची योजना आणली, तेव्हांपासून ही जोडी काम आपसांत वांटून घेऊं लागली. लॅपटॉपचा आंतला पडदा बहुधा पहिल्या चिपेस बांधलेला असतो. बाहेरचे पोर्ट मात्र कंपनी आपल्या सोयीनें बांधते. कांहीं मॉडेलांत सर्व पोर्ट पहिलीकडे, कांहींत एच.डी.एम.आय. दुसरीकडे व यू.एस.बी.-सी पहिलीकडे. बाहेरून पाहून हें कळत नाहीं. दुसऱ्या प्रकारच्या लॅपटॉपांत स्वतंत्र चिपेचा दुभाषा गैरहजर झाला, तर आंतला पडदा चालतो, यू.एस.बी.-सी चालतो, आणि एच.डी.एम.आय. मात्र मेल्यासारखा पडून राहतो. पोर्ट जळला असता तरी हेंच दिसलें असतें. दोन निराळ्या कारणांचें लक्षण एकच!

तेव्हां निर्णय करणारी परीक्षा एकच उरली. स्टार्टच्या बटनावर उजवी टिचकी मारून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडला, आणि त्यांतील 'डिस्प्ले ॲडाप्टर्स' हें कलम उलगडलें. तेथें दोन ओळी होत्या. पहिली स्वच्छ. दुसरीच्या, स्वतंत्र चिपेच्या, माथ्यावर पिवळा त्रिकोण.

"घरांत गेल्या आठवड्यांत या यंत्रांत कोणी कांहीं नवीन घातलें होतें काय?" मीं विचारलें. मुलगा क्षणभर गप्प राहिला, मग आईकडे न पाहतां म्हणाला, "सर, एक खेळ नीट चालेना, म्हणून मीं एक फुकटचा प्रोग्राम उतरवला. सगळे ड्रायव्हर आपोआप नवे करून देतो असें त्यावर लिहिलें होतें." आईनें कांहीं बोलण्यासाठीं तोंड उघडलें होतें, पण मीं हातानेंच थांबविलें, खरें बोलणाऱ्यास त्याच वेळीं रागें भरलें, तर पुढच्या वेळीं बिघाडाचें कारण कधींच कळणार नाहीं.

तो फुकटचा प्रोग्राम आम्हीं काढून टाकला. लॅपटॉप उलटा करून तळाच्या चिकटपट्टीवरील संपूर्ण मॉडेल क्रमांक मुलानें लिहून घेतला, आणि लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून त्या क्रमांकाचे दोन्ही चिपांचे ड्रायव्हर उतरविले. प्रथम पहिल्या चिपेचा, मग यंत्र पुन्हां सुरू करून दुसरीचा. त्रिकोण गेला. एच.डी.एम.आय. केबल जोडली, मॉनिटर एकदां लुकलुकला, आणि अर्धी जुळविलेली एक लग्नपत्रिका त्यावर उमटली. सर्व मिळून सव्वा तास लागला, त्यांतील बराचसा फायली उतरण्याची वाट पाहण्यांत. दुकानदार लबाड होता असें मात्र मी म्हणत नाहीं. त्याचा तर्क नव्वद टक्के बरोबर होता. राहिलेल्या दहा टक्क्यांत मदरबोर्डाची किंमत होती.

ड्रायव्हरांसंबंधीं कांहीं व्यावहारिक गोष्टी येथेंच सांगून टाकतों. पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हां येत असेल, तर पुष्कळदां तें विंडोजच्या एका पहाऱ्याचें काम असतें. २००७ सालीं सर्वत्र विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून अशी योजना आहे कीं, ग्राफिक्स चिपेनें दोन सेकंदांत उत्तर दिलें नाहीं, तर सबंध यंत्र गोठूं न देतां चिप व तिचा ड्रायव्हर यांनाच नव्यानें सुरू करावें. क्वचित् घडल्यास दुर्लक्ष करावें. रोज घडूं लागल्यास ड्रायव्हर, उष्णता किंवा चिप यांपैकीं कोणी तरी आजारी आहे. पडदा गोठून राहिला तर हेंच काम आपणहि करूं शकतों: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबाव्या, एक टिकटिक ऐकूं येते, पडदा लुकलुकतो, आणि उघडलेले कागद बहुधा जेथल्या तेथें राहतात.

नवा ड्रायव्हर आल्यानंतर दुखणें सुरू झालें असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्यें त्या चिपेच्या गुणधर्मांत 'रोल बॅक ड्रायव्हर' असें बटन आहे. त्यानें मागचा ड्रायव्हर परत येतो. बटन फिकट दिसलें तर मागचा जपून ठेवलेला नाहीं असें समजावें. पडदा पूर्ण काळा पडून कांहींच करतां येत नसेल तर 'सेफ मोड'चा आश्रय घ्यावा. तेथें यंत्र त्या कामचलाऊ दुभाष्याच्या मदतीनें उठतें व बिघडलेला ड्रायव्हर काढून टाकतां येतो. मात्र सेफ मोडमध्यें शिरतांना कांहीं लॅपटॉप बिटलॉकरची ४८ आंकडी किल्ली मागतात. ती अगोदर कागदावर लिहून घरांतील महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवलेली असावी. आणि ड्रायव्हरास हात लावण्यापूर्वीं आपल्या फायलींची एक प्रत दुसरीकडे काढलेली असावी. त्या गमावलेल्या गुणांची आठवण मला आजहि सुखाची नाहीं.

लिनक्स वापरणाऱ्यांची तक्रार थोडी निराळी असते. एनव्हिडियाच्या चिपेसाठीं तेथें 'नूव्हो' हा खुला ड्रायव्हर आणि कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर असे दोन असतात. कंपनीचा ड्रायव्हर कर्नेलशीं जुळवून बांधावा लागतो. कर्नेल नवें आलें आणि ही बांधणी फसली, म्हणजे दुसऱ्या दिवशीं बाहेरचा मॉनिटर अंधारतो. यंत्र सुरू होतांना यादींतून मागचें कर्नेल निवडून पाहावें. त्यावर चित्र आलें तर कारण सांपडलेंच.

शेवटीं, खरोखरच दुकानांत जाण्याची वेळ केव्हां येते? याची एक चांगली कसोटी आहे. यंत्र सुरू होतांच, विंडोज जागें होण्यापूर्वीं, एफ-२ किंवा डिलीट (कंपनीप्रमाणें कळ बदलते) दाबून जो बायॉसचा पडदा येतो, तो पाहावा. तेव्हां विंडोजचा ड्रायव्हर अजून कामावर आलेला नसतो. तेथेंहि आडव्या-उभ्या रेघा, ठिपके किंवा रंगांचे चौकोन दिसत असतील, तर ड्रायव्हर निर्दोष आहे. मग त्या रेघा केवळ आंतल्या पडद्यावर आहेत कीं बाहेरच्या मॉनिटरवरहि आहेत तें पाहावें. केवळ आंतल्यावर, आणि झांकण मागेंपुढें हलवितांना कमीजास्त होत असतील, तर बिजागरींतून जाणारी केबल किंवा तो पडदा खराब झाला आहे. दोन्हीकडे सारख्याच असतील, तर ग्राफिक्स चिपेवरच संशय घ्यावा लागतो. बायॉसचें चित्र बाहेरच्या मॉनिटरवर मुळींच आलें नाहीं, एवढ्यावरून मात्र घाबरूं नये. दोन चिपांच्या कित्येक लॅपटॉपांत तें निरोगी अवस्थेंतहि येत नाहीं.

अशा वेळीं दुकानदारास 'डिस्प्ले येत नाहीं' एवढेंच न सांगतां, काय काय बदलून पाहिलें व काय दिसलें, तो कागद त्याच्या हातांत द्यावा. चांगला कारागीर तो वाचून संतुष्टच होतो, कारण त्याचा अर्धा तास वांचतो. नववींतील त्या मुलानें आपल्या कागदाच्या शेवटीं, एच.डी.एम.आय. दुसऱ्या चिपेवर, यू.एस.बी.-सी पहिल्या चिपेवर, असें लिहून खालीं मॉडेल क्रमांक टाकला आहे, आणि तेवढा तुकडा कापून लॅपटॉपच्या तळाशीं चिकटपट्टीनें लावून ठेवला आहे. पत्रिका मात्र त्याच्या आईंनीं दोन रात्रीं जागून वेळेवर छापखान्यांत पोंचविल्या.